बायबलचं भाषांतर निवडताना: शब्दाला धरून की अर्थाला धरून?

मराठी बायबल घ्यायचं म्हटलं की सल्ले दोन प्रकारचे मिळतात. एक म्हणजे ‘जुनंच घ्या, ते मुळाबरहुकूम आहे’. दुसरा ‘सोप्या भाषेतलं घ्या, निदान कळेल तरी’. दोन्ही अर्धवट आहेत. भाषा जुनी म्हणून ती मुळाशी प्रामाणिक ठरत नाही, आणि सोपी आहे म्हणून मूळ सुटलंच असंही नसतं. भाषांतरकाराने कोणती संहिता समोर ठेवली, अडलेल्या जागी काय केलं, आणि हिब्रू-ग्रीकमध्ये नसलेल्या पण मराठीत टाळता न येणाऱ्या प्रश्नांना काय उत्तर दिलं, यावरून आवृत्ती पारखावी. हे सगळं पुस्तक हातात घेऊन पंधरा-वीस मिनिटांत तपासता येतं.

आधी हे पाहा: मूळ कोणतं?

जुना करार हिब्रूत आहे, एज्रा आणि दानीएल यांतले काही भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. लेखकांच्या हातचं एकही पान उरलेलं नाही, आहेत त्या नकलांच्या नकला. आजचे बहुतेक भाषांतरकार जुन्या करारासाठी लेनिनग्राड हस्तलिखित वापरतात. ते इ.स. १००८च्या सुमाराचं आहे आणि संपूर्ण हिब्रू बायबलची ती सर्वांत जुनी उपलब्ध प्रत आहे. १९४७च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या, तेव्हा त्याहून हजार वर्षं जुना पुरावा हाती आला. याशिवाय ख्रिस्तपूर्व काळात झालेलं ग्रीक भाषांतर आहे, सेप्टुआजिंट. ते ज्या हिब्रू प्रतीवरून झालं ती काही ठिकाणी वेगळी होती.

हिब्रू लिपीत मुळात फक्त व्यंजनं लिहीत. स्वरचिन्हं इ.स.च्या सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान मासोरेट म्हणवणाऱ्या यहुदी पंडितांनी घातली. काना-मात्रा-वेलांट्या काढून मराठी वाचून पाहा; ‘कल’ हा शब्द काल, कला, केला, कूल यांतला कोणताही असू शकतो. उत्पत्ती ४७:३१ मध्ये नेमकं हेच झालं आहे. वृद्ध याकोब कशावर लवला? त्याच व्यंजनांना एक स्वर लावले तर ‘मित्ता’ म्हणजे पलंग, दुसरे लावले तर ‘मत्ते’ म्हणजे काठी. मासोरेटांनी पलंग वाचला, सेप्टुआजिंटने काठी, आणि नव्या करारातल्या इब्री ११:२१ मध्ये काठीच आली. इंग्रजी आवृत्त्यांपैकी किंग जेम्स (१६११) उत्पत्तीत पलंग ठेवते, न्यू इंटरनॅशनल काठी घेते. दोघींपैकी कोणीही चुकलेलं नाही. फक्त तळटीप नसेल, तर उत्पत्तीत पलंग आणि इब्रीत काठी वाचून वाचक गोंधळतो.

दाविदाशी लढलेल्या धिप्पाड गल्याथची उंची हीदेखील अशीच परीक्षा. मासोरेटिक संहितेत १ शमुवेल १७:४ मध्ये ती सहा हात एक वीत आहे, म्हणजे सुमारे २.९ मीटर. सेप्टुआजिंटच्या महत्त्वाच्या प्रती आणि कुमरानची शमुवेलाची गुंडाळी चार हात एक वीत म्हणतात, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. (इथे मराठीचं नशीब चांगलं. हिब्रू मापं कोपरापासूनचा हात आणि वीत अशीच आहेत, त्यामुळे शब्दशः भाषांतर आपोआप सहज वाटतं. इंग्रजीला फूट-इंचांत शिरावं लागतं.)

नव्या करारात फाटा वेगळा आहे. डच पंडित इरॅस्मसने १५१६ साली छापलेली ग्रीक संहिता हाताशी असलेल्या मोजक्या, उशिराच्या प्रतींवरून घाईने केलेली होती. प्रकटीकरणाचं शेवटचं पान त्याच्या प्रतीत नव्हतं, म्हणून शेवटच्या काही ओव्या त्याने लॅटिनमधून उलट ग्रीकमध्ये आणल्या. या परंपरेवर किंग जेम्स उभी आहे. विसाव्या शतकातली बहुतेक भाषांतरं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांसह हजारो प्रतींची छाननी करून सिद्ध केलेली संहिता वापरतात. नेस्ले-आलांड या तिच्या मुख्य आवृत्तीचं २८वं संस्करण २०१२ साली निघालं.

हातातली आवृत्ती कोणत्या फाट्यावर आहे ते ओळखायची झटपट खूण प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आहे. तिथे ओवी ३६ नंतर एकदम ३८ आलं, किंवा ३७ कंसात अथवा तळटीपेत असलं, तर आधुनिक संहिता. ३७ बिनदिक्कत मुख्य मजकुरात असलं, तर जुनी. तसंच १ योहान ५:७ मध्ये ‘पिता, शब्द आणि पवित्र आत्मा’ हे तिघे स्वर्गात साक्ष देत असतील तर तीही जुनीच. इरॅस्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत हे वाक्य नव्हतं, १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ हे परिच्छेद दोन्हीकडे छापलेले असतात. आधुनिक आवृत्तीत त्यांच्यासोबत ‘सर्वांत जुन्या प्रतींत नाही’ अशी टीप हवी. टीप नसेल तर ती आवृत्ती अभ्यासाला घेऊ नये.

शब्द आणि अर्थ, समोरासमोर

खालची मराठी वाक्यं कुठल्याही छापील आवृत्तीतली नाहीत. दोन पद्धती टोकाला नेल्या तर काय होतं ते दाखवण्यासाठी केली आहेत.

| जागा | शब्दाला धरून | अर्थाला धरून |
|---|---|---|
| आमोस ४:६ | मी तुमच्या सर्व नगरांत तुम्हाला दातांची स्वच्छता दिली | मी तुमच्या सर्व नगरांवर उपासमार आणली |
| १ शमुवेल २४:३ | शौल पाय झाकायला आत गेला | शौल बहिर्दिशेला आत गेला |
| निर्गम ३४:६ | नाकाने लांब | रागाला मंद |
| १ पेत्र १:१३ | मनाच्या कमरा बांधून | कंबर कसून |
| नीतिसूत्रे १०:१३ | हृदय नसलेला | अक्कल नसलेला |

पहिल्या ओळीत शब्दशः भाषांतर सरळ फसतं. दातांना अन्न लागलंच नाही म्हणून ते स्वच्छ राहिले, हा कडवट उपरोध. मराठीत मात्र ‘दातांची स्वच्छता’ म्हटलं की दंतमंजन आठवतं. अर्थ पोचला की उपरोध गेला, हे नुकसान अटळ आहे. त्यातल्या त्यात ‘दाताला लावायला काही ठेवलं नाही’ असं काहीतरी दोन्ही साधतं.

दुसऱ्या ओळीत हिब्रूने आडपडदा ठेवलेला आहे, आणि मराठीकडे तिचा स्वतःचा आडपडदा तयार आहे. म्हणून ‘बहिर्दिशेला’ हे ‘शौच करायला’पेक्षा मुळाच्या अधिक जवळ जातं. तिसरी ओळ गमतीची. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाकही आणि रागही. राग नाकावर असणं मराठीलाही परकं नाही. तरी ‘लांब नाकाचा देव’ कोणी छापणार नाही. मराठीत ‘मंदक्रोध’ रूढ झाला तो योग्यच. चौथ्या ओळीत इंग्रजी भाषांतरकार अडखळतात, आपल्याकडे कंबर कसणं रोजचं आहे. शेवटची ओळ सर्वांत धोक्याची, कारण ती खटकतच नाही. हिब्रू ‘लेव’ हे मुख्यतः विचार करण्याचं ठिकाण आहे. ‘हृदय’ वाचलं की मराठी वाचक भावनेकडे जातो आणि नीतिसूत्रांतले विवेकाचे बरेच उपदेश मायेचे वाटू लागतात. ‘मन’ बऱ्याच ठिकाणी अधिक बरोबर बसतं.

यावरून अर्थानुसारी भाषांतरच बरं असं वाटेल. पण पौलाच्या पत्रांत पारडं फिरतं. ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे देह, मांस. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल तो शब्द माणसाच्या देवविरोधी ओढीसाठी वापरतो. न्यू इंटरनॅशनलने सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिथे ‘पापी स्वभाव’ असा अर्थ दिला, आणि २०११च्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी परत ‘देह’ आणला. योहान १:१४ मध्ये ‘शब्द देह झाला’ म्हणताना हाच सार्क्स आहे. एकीकडे देह आणि दुसरीकडे पापी स्वभाव छापलं तर दोन्ही वाक्यांतला ताण वाचकाला दिसणारच नाही, आणि शरीर म्हणजेच पाप का, हा प्रश्न त्याला विचारताही येणार नाही. मराठीतला ‘देहस्वभाव’ ही चांगली मधली वाट आहे. त्यात देह दिसतो आणि अर्थही पोचतो.

उपदेशकाच्या पुस्तकात ‘हेवेल’ हा शब्द ३८ वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ वाफ, फुंकर. एका ठिकाणी ‘व्यर्थ’, दुसरीकडे ‘निरर्थक’, तिसरीकडे ‘क्षणिक’ असं केलं तर प्रत्येक वाक्य छान वाचता येतं आणि पुस्तकाचं पालुपद नाहीसं होतं. अभ्यासासाठी घेताना हे नक्की तपासा: पहिल्या दोन अध्यायांत एकच शब्द परत परत येतो का?

लांब वाक्यांचा प्रश्न याउलट. इफिसकरांस १:३–१४ हे ग्रीकमध्ये दोनशेच्या वर शब्दांचं एकच वाक्य आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते वाक्य न तोडता ठेवलं तर कर्ता वाचून क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर श्रोता हरवतो. मोठ्याने वाचायच्या आवृत्तीने ते सहा-सात वाक्यांत तोडायलाच हवं. तोडताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जेणेकरून’ हे सांधे टिकलेत का, तेवढं बघा.

काही गोष्टी दोन्ही पद्धतींच्या हाताबाहेरच्या आहेत. ११९व्या स्तोत्रात हिब्रूच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकावर आठ-आठ ओव्या, एकूण १७६. आमोस ८ मधली उन्हाळी फळांची टोपली (‘कायित्स’) आणि अंत (‘केत्स’) ही जोडी फक्त ध्वनीवर उभी आहे. तिथे तळटीप असेल तरच वाचकाला टोपलीचा आणि अंताचा संबंध कळतो.

मराठी स्वतःहून विचारते ते प्रश्न

इंग्रजी आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या लेखांत हा भाग सापडत नाही, आणि मराठी वाचकाला तर तोच सर्वांत महत्त्वाचा. ग्रीकला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक माहीत नाही. वादळात शिष्य येशूला उठवून म्हणतात (मार्क ४:३८) की बुडतोय, याची तुम्हाला पर्वा नाही का? ‘आम्ही बुडतोय’ म्हटलं तर तक्रार स्वतःपुरती. ‘आपण बुडतोय’ म्हटलं तर येशूही त्यांच्याबरोबर बुडणार हे त्यांनी गृहीत धरलं. योहान ४:२० मध्ये शोमरोनी स्त्रीचे ‘आमचे पूर्वज’ स्पष्ट आहेत, कारण पुढेच ती ‘तुम्ही म्हणता’ असं यहुद्यांना वेगळं काढते. पण ४:१२ मधला ‘बाप याकोब’ आमचा की आपला? याकोबावर दोन्ही समाज हक्क सांगत. ‘आमचा’ म्हटलं तर ती येशूला बाहेर ठेवते, ‘आपला’ म्हटलं तर नातं जोडते. मूळ दोन्ही शक्यता उघड्या ठेवतं, मराठी एक दार बंद करते. पौलाच्या पत्रांत तर पानोपानी हा निर्णय घ्यावा लागतो.

मग तू, तुम्ही, आपण. हिब्रू-ग्रीकमध्ये एकट्या माणसाला एकच सर्वनाम, मग समोर राजा असो की गुलाम. मराठीत रोमी सुभेदार पिलाताने येशूला ‘तू’ म्हणावं हे सरळ, पण येशूने पिलाताला? शिष्यांनी येशूला? निवेदनात येशूसाठी ‘तो’ की ‘ते’? जुन्या वळणात ‘तो’ आहे, देवालाही ‘तो’ आणि ‘तू’च. ती मराठी भक्तिपरंपरेचीच रीत आहे. विठ्ठलाला कोणी अहोजाहो करत नाही. आदरार्थी ‘ते’ वापरलं तर बखरीचा सूर येतो आणि ‘ते’ म्हणजे येशू की शिष्य असा घोळही होतो. आमच्या मते निवेदनात ‘तो’च बरा. पण घरात आजी-आजोबांना वाचून दाखवायचं असेल आणि त्यांना तो एकेरी खटकत असेल, तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो.

नात्यांत मराठी मुळापेक्षा जास्त तपशील मागते. कलस्सैकरांस ४:१० मध्ये मार्क हा बर्णबाचा ‘अनेप्सिओस’ आहे. चुलत, मामे, मावस की आते? मूळ सांगत नाही. म्हणून ‘भाऊबंद’ किंवा ‘नात्यातला भाऊ’ असं मोघम लिहिणं हाच प्रामाणिकपणा. ‘चुलतभाऊ’ लिहिणारी आवृत्ती माहिती स्वतःच्या खिशातून घालते आहे. उलट उत्पत्ती २९:१२ मध्ये याकोब राहेलला आपण तिच्या बापाचा ‘भाऊ’ असल्याचं सांगतो. शब्दशः ‘भाऊ’ ठेवलं तर नातं चुकतं, कारण लाबान त्याचा मामा आहे. ‘भाचा’ लिहिलं की मराठी वाचकाला लगेच कळतं की ही मामाची मुलगी.

लिंगाचा एक सुरेख नमुना रोमकरांस १६:७ मध्ये आहे. अंद्रोनीक आणि ‘यूनियान’ यांचा उल्लेख आहे. ग्रीक रूपावरून ते नाव युनिया या बाईचं किंवा युनियास या पुरुषाचं असू शकतं. बाईचं नाव त्या काळी सर्रास आढळतं, पुरुषाचं मात्र सापडत नाही. इंग्रजीतल्या रिव्हाइज्ड स्टँडर्डने पुरुष मानला होता. न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्डने (१९८९) आणि न्यू इंटरनॅशनलने २०११ मध्ये स्त्री मानली. मराठीत निर्णय एका प्रत्ययात उघडा पडतो: ‘हे दोघे नावाजलेले’ असेल तर दोन पुरुष, ‘ही दोघं नावाजलेली’ असेल तर पुरुष आणि स्त्री. तुमच्या आवृत्तीत काय आहे ते पाहा.

अडलेल्या जागी प्रामाणिकपणा

एकच ओवी तपासायची असेल तर १ शमुवेल १३:१ तपासा. हिब्रूत अक्षरशः असं आहे की शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याने दोन वर्षं राज्य केलं. आकडे नकलेत कुठेतरी गळाले आहेत. किंग जेम्स वाक्य फिरवून वेळ मारून नेते. न्यू इंटरनॅशनल ३० आणि ४२ हे आकडे घालते; ३० काही ग्रीक प्रतींमधून, आणि ४२ला आधार प्रेषितांची कृत्ये १३:२१ मधल्या ४० वर्षांचा. न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड टिंबं देऊन जागा रिकामी सोडते. वाचायला तिसरं वाक्य सर्वांत वाईट, विश्वासार्ह मात्र तेच. दुसरं चालेल, तळटीप असेल तर.

यशया ७:१४ वर अधिक भांडणं झाली आहेत. हिब्रू ‘अल्मा’ म्हणजे तरुण स्त्री, सेप्टुआजिंटमध्ये ‘पार्थेनोस’ म्हणजे कुमारी, आणि मत्तय १:२३ मध्ये ग्रीकच उद्धृत आहे. १९५२ साली अमेरिकेत रिव्हाइज्ड स्टँडर्डने यशयात ‘तरुण स्त्री’ छापलं तेव्हा एका पाळकाने ते पान जाळलं. उपासनेसाठी घेणाऱ्याला ‘कुमारी’ हवी असते, इतिहास शिकणाऱ्याला ‘तरुण स्त्री’. वर एक आणि तळटीपेत दुसरी असली की दोघांचं भागतं.

भाषांतरच न करण्याची वाटही आहे: बाप्तिस्मा. ग्रीक ‘बाप्तिझो’चा अर्थ बुडवणं. बंगाली भाषांतरात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी तसा अर्थ दिला तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने पैसा नाकारला, आणि त्या वादातून १८४० साली वेगळी संस्था निघाली. शब्द जसाच्या तसा ठेवला की सगळ्या पंथांना चालतो, नवख्याला मात्र काहीच सांगत नाही.

एकटा की समिती?

मराठीत दोन्ही नमुने आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर एकटीने केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, बाहेर आलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. एकाच हातच्या कामात आवाज सलग राहतो, लय टिकते. पण एका माणसाची आवडनिवड अडवायला कोणी नसतं. समितीच्या कामात, म्हणजे बायबल सोसायटीच्या आवृत्तीसारख्या, चुका कमी आणि वाक्यं सपाट. शेजारी ठेवून वाचायला एकट्याचं भाषांतर उत्तम. संदर्भ द्यायला समितीचं. फादर स्टीफन्सचं १६१६चं ‘ख्रिस्तपुराण’ या तुलनेत बसत नाही, ते ओवीबद्ध पुनर्कथन आहे. मराठी कानाला ही कथा कशी लागते ते पाहायला मात्र त्याला तोड नाही.

कोणी काय घ्यावं

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ईझी-टू-रीडसारखी अर्थानुसारी आवृत्ती घ्यावी आणि मार्कपासून सुरुवात करावी. शब्दानुसारी आवृत्तीत लेवीयसारखं विधिनियमांचं पुस्तक हातात घेणाऱ्याचं वाचन तिथेच थांबतं. चर्चमध्ये वाचन करणाऱ्याला मंडळीत रूढ असलेलीच हवी, पण आदल्या दिवशी तो उतारा अर्थानुसारीत वाचून घ्यावा. अभ्यासकाने बायबल सोसायटीची पारंपरिक आवृत्ती घ्यावी आणि जोडीला इंग्रजीत न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड किंवा नेट बायबल. नेटमध्ये भाषांतरकारांच्या ६० हजारांहून अधिक टिपा आहेत आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. दोन शब्दानुसारी किंवा दोन अर्थानुसारी घेण्यात पैसे वाया जातात.

विकत घेण्यापूर्वी प्रस्तावना वाचा. भाषांतर हिब्रू-ग्रीकवरून आहे की इंग्रजीवरून, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर इंग्रजीवरूनच असण्याची शक्यता धरून चाला. पुस्तकं मोजा: प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६, कॅथलिक आवृत्तीत ७३. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तळटिपा दिसतात का ते पाहा, कारण बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्या बंद असतात किंवा नसतातच. आणि स्तोत्रांची तुलना करताना आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. हिब्रूत शीर्षकालाही ओवीचा क्रमांक मिळतो, म्हणून इथली २२:१६ तिथे २२:१७ असते. सेप्टुआजिंटच्या मोजणीत तर आपलं २३वं स्तोत्र २२वं आहे.